खुरपलेला उतार

यंदाच्या आश्विनात मी गायरानाच्या उतारावरची माकडशिंगं मोजली आणि ती अडतीस भरली. मागच्या आश्विनात दोनशे एकोणीस होती.

आपलीच चूक असणार असं धरून मी दुसऱ्यांदा मोजली. अडतीस. तिसऱ्यांदा बायकोला खालच्या टोकाकडून मोजायला लावलं आणि मी वरच्या टोकाला पाठ फिरवून बसलो. माझ्या बघण्याने तिची मोजणी बिघडायला नको. ती वर आली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "सदतीस. आन् एक हाय, पर ते जगतंय का न्हाई सांगता येईना."

ते एक मी जिवंतात धरलं होतं.

माझ्या खिशात तीन चिंचोके होते. दहा झाडं झाली की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात, ही माझी मोजायची रीत. मागच्या साली एकवीस चिंचोक्यांनी खिसा जड झाला होता आणि मी घरी येईपर्यंत तो वरून चाचपत होतो. यंदा मी ते तीन चिंचोके तळहातावर घेऊन किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. बायको दोनदा म्हणाली, "चला आता खाली." 

माकडशिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते दिसतं निवडुंगासारखं, पण निवडुंग नाही आणि त्याला काटाही नाही. बोटाएवढी जाड, चार कडांची हिरवी कांडी, शेंड्याकडे निमुळती होत गेलेली. पानं जवळजवळ नाहीतच. कांडीच्या पोटात पाणी साठवून ते मुरमात, दगडाच्या फटीत उभं राहतं. भाद्रपद-आश्विनात शेंड्याजवळ तपकिरी-जांभळी फुलं माना खाली घालून लटकतात. पुढे जोडीजोडीने शिंगासारख्या शेंगा येतात. शेंग तडकली की बी बाहेर पडतं, त्याला रेशमासारखा झुबका असतो आणि ते वाऱ्यावर जातं. ढोरांमागे हिंडायच्या वयात आम्ही कांडी मोडून मीठ लावून खायचो. आधी आंबट, मग तुरट, शेवटी कडू. तिने भूक मरते. बारीक व्हायच्या औषधासाठी आता काही ठिकाणी ती पोत्यांनी उपटतात असं ऐकतो. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही.

आमचं गाव घाटनांदूरपासून फार लांब नाही. गावाच्या पूर्वेला गायरान आहे आणि गायरानाच्या पलीकडच्या अंगाला दोनेक एकरांचा दगडी उतार. तिथे बोराटी, तरवड, थोडी हिवराची झुडपं आणि कुसळी गवत. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई दहा-बारा मुलींना घेऊन तिथे आल्या होत्या. माझं शेत उताराच्या पायथ्याशी असल्यामुळे मी त्यांना पाण्याची कळशी नेऊन दिली. बाई एका बोराटीपाशी गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "काका, ही किती असतील इथं?"

मी म्हणालो, "लई हायेत."

"लई म्हणजे किती?"

बाईंचा सूर साधाच होता.  बावीस वर्षांपासून मी रोजचा पाऊस, म्हशीचं दूध आणि वीज किती तास आली हे वहीत लिहितो. अंगणातला पाऊस मोजायला मी डबा बसवलाय आणि त्यात लाकडी पट्टी उभी केली आहे. शेजारी यावरून हसतात. असा माणूस लहानपणापासून पायाखालच्या उतारावरच्या झाडांना 'लई' म्हणाला, याची मला त्या मुलींसमोर शरम वाटली.

जाताना बाईंनी मोजायचं कसं ते सांगितलं. दर वर्षी त्याच आठवड्यात, फुलं असताना मोजा. उताराचे पट्टे पाडा. एका वितेच्या आत जेवढ्या कांड्या असतील ते एक झाड धरा. आणि बोटापेक्षा कमी उंचीची जी असतील ती पिल्लं, ती वेगळी लिहा. त्या म्हणाल्या होत्या, "काका, मोठी किती यापेक्षा पिल्लं किती याकडे लक्ष द्या."

मी सुतळीला गाठी मारून अकरा पट्टे पाडले. वहीत रकाने आखले: पट्टा, मोठी, पिल्लं, एकूण. पहिल्या साली एकूण एकशे एकतीस. त्यात मोठी नव्वद, पिल्लं एक्केचाळीस. दुसऱ्या साली मोठी ब्याण्णव, पिल्लं छत्तीस, एकूण एकशे अठ्ठावीस.

तीन कमी झाली हे मला खटकलं. इथे चुकीची सुरुवात झाली.

मी शेतकरी आहे. शेतकऱ्याला जे पीक हवं ते सोडून बाकी सगळं तण. ज्वारीत ज्वारी हवी, तर तिच्या भोवतालचं खुरपून काढायचं, म्हणजे तिला ऊन, वारा, माती मोकळी मिळते. हे मला कुणी शिकवलं नाही, हातातच आहे. दुसऱ्या मोजणीनंतरच्या चैत्रात मी बायकोला म्हणालो, "त्या शिंगांचं जरा खुरपण करून देऊ."

ती म्हणाली, "रानाचं खुरपण?"

"बोराटीत गुदमरून चाललीत ती. मोकळी केली तर वाढतील."

तिला ते पटलं. आम्ही दोघं लग्नानंतर सहा वर्षं ऊसतोडीला जात होतो. आमच्याकडच्या माणसाच्या हातात कोयता आला की समोरचं उभं काही शिल्लक राहत नाही. अकरा दिवसांत आम्ही अकरा पट्टे मोकळे केले. बोराटी बुडातून छाटली, तरवड काढला, गवत खुरपलं. प्रत्येक माकडशिंगाभोवती हातभर जागा साफ करून दगडांचं छोटं आळं केलं. छाटलेल्या बोराटीचे फास, म्हणजे काटेरी फांद्यांचे गुंते, ओढत खाली आणून शेताला कुंपण घातलं. त्या साली रानडुकरांनी आमची ज्वारी धरली नाही, तेही काम झालं.

एकच बोराटी राहिली. सातव्या पट्ट्यातली, मोठ्या खडकाला टेकलेली. मी कोयता उचलला तर बायको आडवी झाली. "हिला हात लावू नगा. हिची बोरं गोड हायेत. संक्रांतीला सुगडात कुठली घालू?"

"बोरं बाजारात मिळतेत."

"बाजारातली आंबट."

"एक झाड सोडलं तर बाकीच्या दहा पट्ट्यांशी हा पट्टा जुळायचा न्हाई. माझा हिशोब बिघडतो."

"तुमचा हिशोब बिघडू द्या, माजी सुगडं बिघडायची न्हाईत."

मी वैतागून कोयता खाली ठेवला. वहीत सातव्या पट्ट्यासमोर 'अपूर्ण' असं लिहिलं. तो शब्द अजून तिथे आहे.

त्या साली आश्विनात मोजली तर दोनशे एकोणीस. मी वर उभा राहून खाली पाहिलं तर सगळा उतार हिरव्या बोटांनी भरलेला, प्रत्येक बोट आपापल्या आळ्यात उभं. आपण लावलेल्या रोपांसारखं. मी बाईंना लगेच मोबाईलवरून आकडा पाठवला: दोनशे एकोणीस. त्यांनी अभिनंदन केलं आणि खाली विचारलं, "पिल्लं किती?" मला शेतावर जायचं होतं. नंतर लिहू म्हणून ठेवलं आणि राहून गेलं.

कारण त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. आमच्याकडे ग्रामसभा दसऱ्याच्या आसपासच उरकावी लागते, टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की मंदिराच्या ओट्यावर बसायला म्हातारेच राहतात. गायरानावर सौर पॅनल बसवायचा विषय होता. पॅनल आले तर मोटारींना दिवसा वीज मिळणार. मलाही ती हवी आहे, माझ्याच वहीत विजेचे तास लिहिलेले आहेत. पण नकाशात तो उतारही धरला होता. मी उठून सांगितलं की तेवढे दोन एकर सोडा, तिथे दुर्मिळ झाड आहे आणि ते वाढतंय. एका वर्षात एकशे अठ्ठावीसची दोनशे एकोणीस झालीत. ज्यांनी कधी त्या झाडाकडे पाहिलं नव्हतं त्यांनीही माना डोलावल्या. सरपंच म्हणाले, आकडा हाय त्याच्यापाशी, सोडा एक वर्ष. पुढच्या साली पुन्हा आकडा सांगायचा, मग बघू.

म्हणजे यंदाच्या ग्रामसभेत मला आकडा सांगायचा होता. आणि सभा पाच दिवसांवर असताना आकडा अडतीस होता.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटा पुन्हा वर गेलो. कुणी उपटली असतील तर खड्डे दिसायला हवेत. खड्डे नव्हते. माझी आळी जागच्या जागी होती, दगडसुद्धा हलले नव्हते, फक्त मधे काही नव्हतं. कुठे सुकून काळी पडलेली काडी, कुठे जमिनीबरोबर कुरतडलेला बुडखा. आणि सगळीकडे लेंड्या.

शेळ्या म्हणजे माझा चुलत भाऊ. आम्ही एका वयाचे, दोन महिन्यांचा फरक. त्याच्या बावीस शेळ्या, आणि तो ग्रामपंचायतीचा सदस्यही आहे. पॅनल यावेत म्हणून सगळ्यात जास्त खटपट त्याची. मला दोन्ही गोष्टी जुळल्यासारख्या वाटल्या. मी तसाच त्याच्या गोठ्यावर गेलो. तो शेळीचा खूर पोटाशी धरून काटा काढत होता.

मी म्हणालो, "मुद्दाम चारलंस ना?"

"काय?"

"उतार. शिंगं खाऊ घातलीस. अडतीस राह्यलीत."

त्याने काटा काढला, शेळी सोडली, चिमटा धोतराला पुसला. "अडतीस? लई कमी झाली मंग."

"हसू नको बे."

"हसत न्हाई. तू बस खाली. कावून तापलायस?"

मी बसलो नाही. तो म्हणाला, "माज्या शेळ्या पंदरा सालापसून त्या उतारावर चरतेत. माज्या बापाच्या बी तिथंच चरायच्या. तवा शिंगं होती का न्हवती?"

"होती."

"मंग यंदाच कावून खाल्ली?"

मी शेळ्यांकडे बघायला लागलो.

"मी सांगू? बोराटीत शेळी तोंड घालती तर पाला खाती, बुडाशी जाता येत न्हाई तिला. काटा लागतो. तू बोराटी काढली. नुसती काढली न्हाई, शिंगाभोवती दगडं लावून ताट मांडलंस. पैल्या उन्हाळ्यात तू काठी घिऊन तिथं बसायचास म्हणून शेळ्या फिरकल्या न्हाईत. यंदा आकडा वाढला म्हणून तू गेला न्हाईस, आन् गवताची काडी न्हवती कुठं. शेळीला काय, ताट वाढलं तर ती खानारच." चिमटा कोनाड्यात ठेवत तो म्हणाला, "आख्ख्या गावात वही बाळगणारा तू एकटा. मला वाटलं, तुला म्हाईत असंल."

मी घरी आलो आणि वही काढली.

मी चार वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडले. तिसऱ्या सालचा पिल्लांचा रकाना माझ्याच अक्षरात होता: नऊ. एक्केचाळीस, छत्तीस, नऊ. तो आकडा मी स्वतः लिहिला होता, अकरा पट्ट्यांची बेरीज करून, दोनदा ताळा करून. लिहिला आणि त्याच्या शेजारचा दोनशे एकोणीस पाहून पान उलटलं.

मग मला दुसरी गोष्ट दिसली. दुसऱ्या साली मोठी ब्याण्णव, पिल्लं छत्तीस. एकही मेलं नाही, सगळी पिल्लं एका वर्षात मोठी झाली असं धरलं, तरी मोठी जास्तीत जास्त एकशे अठ्ठावीस होऊ शकतात. तिसऱ्या साली मी मोठी लिहिली होती दोनशे दहा. उरलेली ब्याऐंशी मोठी झाडं आली कुठून? दुसरी-तिसरीतली मुलगी ही वजाबाकी करून विचारील. मी भर सभेत तो आकडा सांगून माना डोलवून घेतल्या होत्या.

मी बाईंना फोन लावला. त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली होती. मी सगळं क्रमाने सांगितलं, त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, ती ब्याऐंशी आधीपासूनच होती. बोराटीच्या आत. तुम्हाला दिसत नव्हती एवढंच."

"म्हणजे वाढली न्हाईत?"

"नाही. झाडोरा काढल्यावर दिसायला लागली. तुम्ही मोजली तेव्हा ती आधीच कमी व्हायला लागली होती. पिल्लं तर पहिल्याच उन्हाळ्यात गेली असणार. त्यांना सावलीशिवाय दोन-तीन उन्हाळे निघत नाहीत. बोराटी त्यांची दाई असते म्हणा."

मी विचारलं, "मंग खुरपायच्या आधी खरी किती असतील?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. अडतीस हा आकडा निदान माझ्यापाशी आहे. जे गेलं त्याचा आकडाच नाही. मी चार वर्षं मोजत होतो आणि माझ्यापाशी मूळ संख्या नव्हती, आणि ती आता कधी मिळणार नव्हती, कारण ती मी स्वतः छाटून शेताच्या कुंपणाला लावली होती.

जेवताना मी बायकोला सांगितलं. तिने हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "मी बी व्हते की. अकरा दिस."

"डोकं माझं होतं."

"कोयता दोघांचा व्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला न सांगता उतारावर गेली. मी शेतात होतो. वरून तिची हाक आली, ओरडणं नव्हतं, पण तशी हाक ती देत नाही. मी चढून गेलो तर ती सातव्या पट्ट्यातल्या त्या बोराटीपाशी पोटावर पालथी झाली होती. काठीने एक फांदी उचलून धरली होती आणि दंडावर काट्याचे दोन ओरखडे होते.

"मोहोर किती आलाय बगावं म्हणून वाकले," ती म्हणाली. "आवो, आत बगा."

मी पालथा झालो. खडकाच्या आणि बुंध्याच्या मधे पालापाचोळा साठला होता. त्यात आधी मला काही दिसलं नाही. मग एक दिसलं, करंगळीच्या पेराएवढं. त्याच्या शेजारी दुसरं. डोळा सरावला तशी दिसत गेली. मी बोट न लावता मोजली. चौदा. मागे सरकून पुन्हा आत शिरून मोजली. चौदा.

अपूर्ण म्हणून लिहिलेल्या पट्ट्यात चौदा पिल्लं होती, आणि जे दहा पट्टे मी पूर्ण केले होते त्यांत एकही नव्हतं.

बायको म्हणाली, "रडताय का?"

"काटा लागला."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी चुलत भाऊ शेतावर आला. कुंपणाजवळ उभा राहून त्याने विचारलं, "काय सांगणारेस उद्या?"

"अडतीस."

"मागल्या सालचाच आकडा सांग. कोण जातंय मोजायला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. पॅनल यावेत म्हणून धडपडणारा माणूस मला हे सांगत होता. तो म्हणाला, "तसं बगू नको. पॅनल मलाबी पायजेत. पर तुजं तोंड पडलेलं बगवत न्हाई."

"मागच्या सालचा आकडाच खोटा होता. तो पुन्हा कसा सांगू?"

"मंग उतार गेला समज."

सभेत माझा विषय शेवटी आला. मी वही घेऊन उभा राहिलो आणि चारही वर्षांचे आकडे वाचले, पिल्लांच्या रकान्यासकट. वाढ झालीच नव्हती, ती मला दिसली एवढंच, हे सांगितलं. खुरपलं कुणी ते सांगितलं. शेळ्यांवर मी खोटा आळ घेतला, तोही सांगितला. चौदा पिल्लांचं सांगितलं.  मग मागून एक जण म्हणाला, "आमी वही लिवायला शिकलो न्हाई तेच बरं झालं म्हणायचं." हशा झाला. दुसरा म्हणाला, "रान खुरपणारा पैला माणूस आपल्याच गावात निगाला." मी उभाच होतो. बसावं हे सुचलं नाही.

एक मुकादम म्हणाला, "जे उरलंच न्हाई ते राखायचं कशाला? अडतीस झाडांसाठी दोन एकर?" हा प्रश्न रास्त होता.  मी एवढंच म्हणालो की मागच्या साली तुम्ही मला ज्या आकड्यावर जागा दिली तो माझा होता, यंदाचाही माझाच आहे. तो खरा आहे, मग तुम्ही ठरवा.

दोन एकरांतला बहुतेक भाग पॅनलला गेला. सहाव्या, सातव्या आणि आठव्या पट्ट्याची जागा सोडायची ठरली, ती राखायची जबाबदारी माझ्यावर. अडतीसपैकी तेरा त्या तीन पट्ट्यांत आहेत. बाकीची पंचवीस उचलून या तीन पट्ट्यांत आणावीत का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आणा, पण आणलेलं सगळं जगेल असं धरू नका आणि त्यांचा रकाना वेगळा ठेवा. मी आणली. रकाना वेगळा ठेवला आहे.

मग आम्ही दोघांनी शेताचं कुंपण मोडलं. दीड वर्षापूर्वी वाहून आणलेले बोराटीचे फास, आता वाळून कडक झालेले, लांब बेचक्याच्या काठीने रेटत पुन्हा वर नेले आणि प्रत्येक माकडशिंगावर झाकले. नऊ दिवस लागले. खालच्या रस्त्याने ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतल्या बायका ट्रॅक्टरमधून बघून हसत होत्या. एकीने ओरडून विचारलं, "मामी, काट्याची पेरणी का?" बायको म्हणाली, "व्हय, यंदा काटेच पिकवायचेत." त्यानंतर आमच्या ज्वारीत दोनदा रानडुकरं आली. ज्वारीची किती ताटं गेली ते मी लिहून ठेवलं आहे.

चुलत भावाच्या शेळ्या आता ओढ्याच्या बाजूने जातात. मी त्याला काही बोललो नव्हतो. एकदा बांधावर भेटला तेव्हा विचारलं तर म्हणाला, "तू वर समदे काटे पसरून ठिवलेस. माज्या शेळ्यांचे सड फाटले तर दूध तू देनार का?"

संक्रांतीच्या दोन दिवस आधी बायको बोरं आणायला निघाली. बोराटीची बोरं काठीने झोडपून पाडायची, खाली धडपा अंथरायचा, ही आमच्याकडची रीत. यंदा तिने झोडपली नाही. एकेक फांदी वाकवून हाताने तोडली, दोन्ही मनगटं रक्ताळून घेतली आणि सुगडांपुरती झाली की थांबली. मी काठी धरून उभा होतो. तिची ओटी भरल्यावर मी फांदी उचलून आत डोकं घातलं.

एक पिल्लू आडवं पडून सुकलं होतं. दोनांची जागा ओळखता आली, पिल्लं नव्हती. बाकीची उभी होती. एक माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं झालं होतं.

घरी येऊन मी मोबाईल काढला. बाईंचा मागच्या सालच्या आश्विनातला प्रश्न तसाच होता, पिल्लं किती. त्याखाली इतर बरंच बोलणं झालं होतं, पण त्या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नव्हतं. वर जाऊन तो शोधला, त्याच्याखालीच लिहिलं: अकरा. पाठवायच्या आधी मनात शंका आली. चपला घालून पुन्हा उतारावर गेलो, पालथा झालो आणि मोजली.

अकराच होती. मग पाठवलं.